पद्मपूरच्या कवीचं मसण

शहराबाहेरच्या मसणात मध्यरात्री एक तरुण उभा आहे. केस वर आवळून बांधलेत, एका हातात नंगी तलवार आहे, दुसऱ्या हातात माणसाच्या मांसाचा तुकडा, आणि त्यातून रक्त ठिबकतंय. हे मांस त्याने विकायला आणलंय. गिऱ्हाईक म्हणजे मसणातली भुतं, आणि तो त्यांना मोठ्याने हाळी देऊन मालाची खात्रीही देतो. मोबदल्यात पैसा नको आहे, हवी आहे ती त्यांची मदत. ज्या मुलीवर त्याचं मन जडलंय तिचं लग्न राजाने आपल्या मर्जीतल्या एका सरदाराशी ठरवलंय. माणसांकडून काही होईल ही आशा संपली, तेव्हा तो इकडे वळलाय.

हा तरुण म्हणजे माधव, आणि नाटक भवभूतीचं ‘मालतीमाधव’, अंक पाचवा. लिहिलं गेलं इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत. ते ज्याने लिहिलं त्याचं गाव आमगावजवळचं पद्मपूर, असं महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडलं. हे गाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा निघाला, त्याआधी आमगाव, पद्मपूर, नागझिरा, नवेगावबांध हे सगळं भंडारा जिल्ह्यातच होतं. या लेखात भंडारा म्हणजे तो जुना, अखंड भंडारा.

मराठी भयकथेचा इतिहास कोणी सांगायला बसला की गाडी हमखास इंग्रजीच्या फलाटावरून सुटते. आधी रेनॉल्ड्स, मग पो, मग लव्हक्राफ्ट, शेवटी स्टीफन किंग. ते खोटं नाही. पण इंग्रजी गॉथिक कादंबरीचं पहिलं पुस्तक मानतात ते होरेस वॉल्पोलचं ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ चं आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या ब्राह्मणाने त्याच्या हजारभर वर्षं आधी मसणवटा, पळवून आणलेली मुलगी, नरबळी मागणारी देवी आणि सूड घेणारी योगिनी हे सगळं एका नाटकात बसवलं होतं. आम्ही त्याला घाबरायचं सोडून त्याच्या पंडितीची तारीफ करत बसलो.

पाचवा अंक जरा जवळून पाहण्यासारखा आहे.

सुरुवातीला आकाशमार्गाने कपालकुंडला येते. ती अघोरघंट नावाच्या कापालिकाची शिष्या. गुरूची मंत्रसिद्धी पुरी होण्यासाठी कराला नावाच्या चामुंडेला एक स्त्री बळी द्यायची आहे, पूजेच्या तयारीची जबाबदारी तिच्यावर आहे. खाली माधव दिसतो, ती त्याला न्याहाळते आणि निघून जाते. आता रंगमंचावर एकटा माधव. आधी तो मालतीच्या आठवणीत हरवतो, आणि इथे भवभूतीने मोठं धाडस केलंय: हातात मांसाचा लोळा असलेल्या माणसाच्या तोंडी त्याने अतिशय कोवळे प्रेमश्लोक घातले आहेत. मग तो हाळी देतो आणि मसण जागं होतं.

उल्कामुख पिशाच्चं धावत येतात, त्यांच्या जबड्यांतून आग भडकते आणि त्या उजेडातच ती दिसतात. पूतना येतात, त्यांच्या नडग्या खजुराच्या झाडाएवढ्या, काळी कातडी हाडांवर ताणलेली, सांधे शिरांनी आवळलेले. पुढे एक भुकेकंगाल प्रेत मांडीवर मुडदा घेऊन बसलंय. आधी कातडी सोलून काढतं, मग खांद्याचं, पाठीचं, मांड्यांचं, सहज सुटणारं मांस खातं, आणि ते संपलं की हाडांच्या खाचाखोचांत अडकलेलं सावकाश टोकरत बसतं. हा श्लोक पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त बीभत्स रसाचं उदाहरण म्हणून घेतला आणि तेव्हापासून तो अलंकारशास्त्राच्या वर्गातच अडकून पडला. मला त्यातली भूक भयंकर वाटते. ते प्रेत कोणाच्याही अंगावर धावून जात नाही. गरीब आहे, उपाशी आहे, मिळालंय ते शेवटपर्यंत पुरवून खातंय.

त्यानंतर तर पिशाच्चांची मौजमजा सुरू होते. पिशाच्चिणींनी आतड्यांची मंगलसूत्रं हाताला बांधलीत, मेलेल्या बायकांचे तळहात कमळांसारखे कानांवर खोवलेत, काळजांच्या माळा घातल्यात, रक्ताचं कुंकू लावलंय, आणि आपापल्या जोडीदारांबरोबर कवटीच्या पेल्यातून मज्जेचं मद्य पिताहेत. लग्नघरातला सगळा साज इथे आहे. ज्याची प्रेयसी दुसऱ्याशी लग्नाला उभी राहणार आहे, त्याच्या डोळ्यांसमोर कवीने नेमकं हेच मांडलंय.

नाट्यतंत्राच्या अंगाने एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. यातलं एकही भूत रंगमंचावर येत नाही. माधव पाहतो आणि सांगतो. आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो. संस्कृत रंगभूमीवर रंगवलेले पडदे, देखावे, दिव्यांचे खेळ नव्हते, होती ती शब्दांची ताकद. भवभूतीची लांबलचक समासांची, खडखडत जाणारी भाषा एरवी वाचकाला दमवते. इथे मात्र घुबडांचे घुत्कार, कोल्हेकुई, नदीच्या पाण्यात अडकलेल्या कवट्यांवर आपटणारा प्रवाह हे सगळं त्या जोडाक्षरांतूनच ऐकू येतं. शिवाय त्याच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. कालिदास, शूद्रक अशा प्रसंगानंतर एखादा खादाड बामण आणून प्रेक्षकांना मोकळं हसू देतात. भवभूती तशी सुटका करून देत नाही.

आणि मग खरी किंकाळी ऐकू येते. ती भुताची नसते, माणसाची असते. जवळच्या कराला मंदिरात मालतीला बळीचे कपडे घालून उभं केलेलं आहे. गच्चीवर झोपलेली असताना तिला उचलून आणलंय. माधव धावतो, मालतीला सोडवतो, आणि अघोरघंट त्याच्या हातून मारला जातो. कपालकुंडला सुडाची शपथ घेते आणि पुढे ती खरी करते: मालतीला पुन्हा पळवून थेट श्रीपर्वतावर नेते. तिथून तिला सोडवणारी सौदामिनीही योगिनीच, कधीकाळी बौद्ध भिक्षुणी कामंदकीची शिष्या.

म्हणजे या नाटकातली भुतं कोणाचा केसही वाकडा करत नाहीत. जीव घ्यायला निघतो तो सिद्धीच्या हव्यासाने पछाडलेला माणूस. हे मी आजच्या चष्म्यातून वाचतोय असं कोणी म्हणेल, पण अंकाची रचनाच तशी आहे. अख्खं मसण आपल्यापुढे ओतून झाल्यावर कवी आपल्याला देवळात घेऊन जातो, आणि भीती तिथे आहे.

नरमांस विकण्याचा हा प्रकार भवभूतीने कल्पनेतून काढलेला नाही. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’तही त्याचा उल्लेख येतो, आणि वेताळाच्या साधनेचा प्रसंगही. कापालिक त्या काळी लोकांना माहीत होते आणि त्यांची धास्तीही होती. महाराष्ट्र सरकारने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, त्यात नरबळी हा अजूनही गुन्हा म्हणून लिहावा लागला. अघोरघंटाला आजच्या महाराष्ट्रातही तुरुंगात टाकण्याची सोय ठेवावी लागते, एवढं ध्यानात राहू द्यावं.

आता गावाकडे. संस्कृत कवी स्वतःविषयी बहुधा मौन पाळतात, कालिदासाने तर गावाचं नावही कुठे सांगितलेलं नाही. भवभूती मात्र प्रस्तावनेत आपला सगळा ठावठिकाणा देतो. दक्षिणापथात, विदर्भात पद्मपूर नावाचं नगर. तिथले काश्यप गोत्री, तैत्तिरीय शाखेचे, उदुंबर नावाचे सोमयाजी ब्राह्मण. आजोबा भट्ट गोपाल, वडील नीलकंठ, आई जतुकर्णी, गुरू ज्ञाननिधी. त्याच प्रस्तावनेत आपल्याला नावं ठेवणाऱ्यांना उद्देशून तो जरा कडू होतो: काळाला अंत नाही, पृथ्वी मोठी आहे, माझ्या जातीचा कोणी तरी कधी तरी निपजेलच, असा त्याचा सूर आहे. एवढा पत्ता देऊनही गाव मात्र हरवलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७६ साली मुंबईहून ‘मालतीमाधवा’ची जगद्धराच्या टीकेसह आवृत्ती काढली, चांद्याच्या बाजूला कृष्ण यजुर्वेदी ब्राह्मणांची वस्ती आहे, तेव्हा पद्मपूर तिकडेच कुठे तरी असावं, असा त्यांचा तर्क होता.

तो तर्क बाजूला सारला तो तांब्याच्या एका अर्धवट पत्र्याने. दुर्ग भागात वाकाटकांचा एक ताम्रपट सापडला, तो नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या मिराशींच्या हाती आला. ताम्रपटाची सुरुवात ज्या गावाहून तो दिला त्या गावाच्या नावाने होते, आणि नाव होतं पद्मपूर. पुढे राजवंशाची वंशावळ सुरू होते आणि दान देणाऱ्या राजाचं नाव येण्याआधीच मजकूर तुटतो. कोरणाऱ्याने काम अर्ध्यावर का टाकलं, कोण जाणे. राज्य बुडालं, राजा मेला, की शत्रू दाराशी आला, काहीही असू शकेल. पण एवढं नक्की झालं की वाकाटकांच्या काळी पद्मपूर ही राजाज्ञा निघण्याइतकी मोठी जागा होती, आणि पत्रा सापडला तो वैनगंगेच्या पूर्वेला. मिराशींनी नकाशा पुढे घेतला. आमगावजवळ पद्मपूर नावाचं खेडं होतं, तिथे जुन्या देवळांचे आणि मूर्तींचे अवशेष होते. १९३० च्या दशकात त्यांनी भवभूतीचं जन्मस्थान हेच, असं लिहिलं, आणि पुढे भवभूतीवर मराठी आणि इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथही केले. आमगावच्या कॉलेजाचं नाव आज भवभूती महाविद्यालय आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या छोट्या स्टेशनच्या गावात आठव्या शतकातल्या नाटककाराच्या नावाने बी.ए.चा वर्ग भरतो, ही विदर्भात मला फार आवडणाऱ्या गोष्टींपैकी एक.

इथून भवभूती उत्तरेला गेला. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’नुसार तो कनोजच्या यशोवर्म्याच्या दरबारी होता, आणि यशोवर्म्याला काश्मीरच्या ललितादित्याने हरवलं. ‘मालतीमाधव’ घडतं ते पद्मावती नगरात, आजच्या ग्वाल्हेरकडच्या पवाया इथे, सिंधू आणि पारा नद्यांच्या संगमावर. मसणाशेजारची नदी, मंदिर, टेकड्या हे तिकडचं. पण नायक त्याने घरचाच घेतला. माधव हा विदर्भाच्या राजाचा मंत्री देवरात याचा मुलगा आणि तो येतो कुंडिनपुराहून, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपुराहून. परक्या शहरात विदर्भाचा पोरगा मसणात उभा केलाय. लेखक घर सोडून कितीही लांब गेला तरी नायकाला गावाकडचाच घेतो, ही खोड आजही गेलेली नाही.

यानंतर अकराशे वर्षांची उडी मारतो, कारण मधल्या काळात टीकाकार आणि नकलनवीस यांच्यापलीकडे या अंकाचं फारसं काही झालं नाही. १८२७ साली कलकत्त्यात दोन पुस्तकं निघाली. एक नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांचा भोसल्यांच्या मुलखावरचा अहवाल. त्यात वैनगंगेचा प्रदेश, शेती, महसूल यांची मोजदाद होती. दुसरं होरेस हेमन विल्सन यांचं संस्कृत नाटकांच्या इंग्रजी अनुवादांचं पुस्तक. विल्सन मूळचे कंपनीचे डॉक्टर, टांकसाळीत नोकरी, आणि बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे चिटणीस. त्यांच्या निवडीत ‘मृच्छकटिक’, ‘विक्रमोर्वशीय’, ‘उत्तररामचरित’, ‘मुद्राराक्षस’, ‘रत्नावली’ आणि ‘मालतीमाधव’ होती. एकाच वर्षी एकाच शहरात भंडाऱ्याच्या महसुलाचा हिशेब आणि भंडाऱ्याच्या कवीचं मसण छापून निघालं, आणि या दोघांचा संबंध कोणालाच ठाऊक नव्हता. तो कळायला आणखी शंभर वर्षं आणि अर्धवट ताम्रपट लागणार होता.

विलायतेतल्या वाचकाला त्यात नवल वाटण्यासारखं फार नव्हतं, उलट ओळखीचंच होतं. अ‍ॅन रॅडक्लिफच्या कादंबऱ्यांनी आणि मॅथ्यू लुईसच्या ‘द मंक’ने तिथे तीस वर्षांपूर्वीच धुमाकूळ घातला होता. लुईसच्या पुस्तकातला खलनायक मठातला साधू, बळी पडते ती तरुण मुलगी, आणि जागा थडग्यांच्या तळघराची. मेरी शेलीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ चा. अघोरघंट आणि लुईसचा साधू यांची जातकुळी एकच आहे, पण एकाने दुसऱ्याचं वाचलं म्हणून नव्हे. धर्माच्या आड सत्तेची भूक घेऊन बसलेला माणूस दोन्ही समाजांना ठाऊक होता, एवढंच.

मराठीत हे नाटक कृष्णशास्त्री राजवाड्यांनी १८६१ साली आणलं. त्याच वर्षी लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ निघाली, आणि मराठी अद्भुतरम्य कादंबरीचं दुकान तिथून लागलं. पळवापळवी, तुरुंग, अरण्य, कपटी खलपुरुष आणि शेवटी योगायोगाने जुळणारं सगळं. हा माल भवभूतीच्या नाटकातही भरपूर आहे, पण कादंबरीकारांनी त्यातून घेतला तो योगायोग. मसण मात्र घेतलं नाही. पुढच्या पिढीने विलायतेतला जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हाताशी धरला. हरी नारायण आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) त्याच्याच आधाराने उभी राहिली. गो. ना. दातारांनी तर त्याला इतकं आत्मसात केलं की ‘कालिकामूर्ती’, ‘बंधुद्वेष’, ‘इंद्रभुवनगुहा’ वाचताना मूळ लेखक लंडनचा होता हे वाचकाच्या ध्यानातही यायचं नाही. भुयारं, गुप्त दारं, मूर्तीआडचे सापळे यांचा नाद मराठी वाचकाला लागला तो दातारांमुळे.

मग भवभूती कुठे गेला? तो शाळेत गेला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘संस्कृत कविपंचका’त कालिदासाशेजारी त्याला मानाचं पान मिळालं, परशुरामपंत गोडबोल्यांनी ‘उत्तररामचरित’ मराठीत आणलं, आणि मराठी माणसाच्या मनात भवभूती म्हणजे सीतेच्या विरहाने दगडालाही रडवणारा करुणेचा कवी, हे कायमचं ठरलं. ते ठरलं ते बरोबरच ठरलं, ‘उत्तररामचरित’ मोठंच आहे. पण त्या एका बिरुदाखाली दुसरा भवभूती गाडला गेला. मॅट्रिकच्या पोराला मसणातली भुतं शिकवायची कोणी? अभ्यासक्रमात बसला म्हणजे भीतीचा लेखक मेला.

खुद्द भंडाऱ्यात भयकथेला लागणारा कच्चा माल ढीगभर पडलेला. तुमसरकडे डोंगरात आंबागड आहे. गोंड राजा बख्त बुलंदच्या काळी, १७०० च्या सुमारास बांधलेला. पुढे भोसल्यांनी त्याचा कैदखाना केला, आणि आतल्या विहिरीचं सडलेलं, विषारी पाणी पाजून कैद्यांना मारत, असं सांगतात. विलायतेत अशा एका विहिरीवर तीन खंडांची कादंबरी झाली असती. आमच्याकडे ती गॅझेटिअरच्या परिच्छेदात बसून राहिली. शिवाय रानात चकवा आहे, आमराईत मुंजा आहे, बोडीच्या काठी हडळ आहे. नवेगावबांधला वनाधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांच्या या समजुती प्रेमाने टिपल्या, व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिलं. पण दोघांचं लक्ष जनावरांवर आणि झाडांवर. भीतीची गोष्ट रचणं हे त्यांचं काम नव्हतं.

ते काम पुण्यात एका माणसाने पन्नासएक वर्षं केलं. नारायण धारप, जन्म १९२५, मृत्यू २००८. त्यांच्या पुस्तकांना समीक्षकांच्या कपाटात जागा नव्हती. ती वाचनालयांत होती, कव्हरं गळालेली, पानांना तेलाचे डाग पडलेले, शिक्क्यांनी भरलेली. धारपांचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांचं साधं, हिशेबी गद्य. एखादा मध्यमवर्गीय कारकून, भाड्याने घेतलेलं जुनं घर, माळ्यावरची एक ट्रंक. वाक्य चढत नाही, किंचाळत नाही. बँकेच्या पासबुकातल्या नोंदी व्हाव्यात तसे प्रसंग एकामागून एक नोंदले जातात आणि मग शिल्लक चुकते. लव्हक्राफ्ट आणि किंग यांच्याकडून त्यांनी उघड उघड घेतलं, ‘लुचाई’ हे त्याचं ठळक उदाहरण. पण घेतलेलं सदाशिव पेठेत राहायला आणून बसवण्याची हातोटी त्यांची स्वतःची. पलीकडे मुंबईत रत्नाकर मतकरी गूढकथा लिहीत होते. ‘खेकडा’सारख्या कथेत भुताची गरजच लागत नाही, माणसाचं मन पुरतं. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अशा लेखनाला घर दिलं होतं. दोघांत मला धारप जास्त घाबरवतात आणि मतकरी जास्त दिवस लक्षात राहतात.

आणि आता १९९३. नागझिऱ्याचं अभयारण्य, जिल्हा भंडारा. वीज नसलेली विश्रामगृहं ही या रानाची जुनी ओळख; सूर्य बुडाला की कंदील आणि गप्पा. राही अनिल बर्वे नावाचा शाळकरी वयाचा मुलगा तिथे मित्राबरोबर आलेला. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणारे अनिल बर्वे हे त्याचे वडील. रात्री मित्राने एक गोष्ट सांगितली आणि तो मुलगा जबरदस्त घाबरला. ती धारपांची कथा होती, हे पुढे त्याला कळलं: ‘आजी’. धारपांनी ती स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वरून बेतली होती. किंगच्या कथेत अमेरिकेतल्या मेन राज्यात एक पोरगा आपल्या मरणोन्मुख, चेटूक जाणणाऱ्या आजीबरोबर घरात एकटा सापडतो. मेनमधून पुण्याला, पुण्याहून छापील पानावर, पानावरून मित्राच्या तोंडी, आणि तिथून नागझिऱ्याच्या काळोखात. वाटेत प्रत्येकाने थोडं गाळलं असणार, थोडं घातलं असणार. भीतीच्या गोष्टी अशाच चालत येतात. कोणत्या मुक्कामावर ती खरी झाली हे सांगता येत नाही, पण ज्याला झोप लागली नाही त्याच्यापुरती ती भंडाऱ्याची झाली.

बर्व्यांनी १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, पहिला मसुदा लिहिला. त्याचा चित्रपट व्हायला एकवीस वर्षं लागली. चित्रीकरण झालं, मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा झालं, आणि १२ ऑक्टोबर २०१८ ला ‘तुंबाड’ थिएटरात आला. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली होती. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलं, गाव कोकणातलं, भाषा हिंदी, वाडा देशावरचा. नागझिऱ्याचा त्यात मागमूस नाही. पण साखळदंडाने बांधलेली ती म्हातारी आणि तिच्याबरोबर घरात एकटा राहिलेला पोरगा, ही ठिणगी तिथलीच. सिनेमात पुढे जे वाढत जातं ते धारपांत नाही आणि किंगमध्येही नाही: हाव. हस्तर नावाचा शापित देव देवीच्या गर्भात बंद आहे, आणि सोन्याच्या मोहरांसाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे उतरतात. हस्तर आपल्या जागेवरून उठून कोणाच्या दारात येत नाही. त्याच्याकडे जावं लागतं, कणकेची बाहुली घेऊन, दोर बांधून. बर्व्यांनी ‘मालतीमाधव’ वाचलं होतं असं मला म्हणायचं नाही. मसणात मांस घेऊन उतरणाऱ्या माधवाची आणि ‘तुंबाड’च्या नायकाची, विनायकाची, वाट मात्र एकच आहे, आणि त्याच मसणाशेजारी अघोरघंटाचं देऊळ आहे.

२०२४ च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. भयकथेला गिऱ्हाईक नाही ही तक्रार आता कोणी करू नये. हृषीकेश गुप्त्यांसारखे लेखक मराठीत ती जोमाने लिहिताहेत.

पाचव्या अंकाचं मात्र काही झालं नाही, आणि तो रंगमंचावर आणायला भंडाऱ्यासारखी दुसरी जागा नाही. भवभूतीची तिन्ही नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, असं तो स्वतःच प्रस्तावनेत सांगतो. म्हणजे जत्रेला जमलेल्या गर्दीपुढे, दरबारी पंडितांपुढे नव्हे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, आजही हेच चालतं. दिवाळी झाली, धान कापून झाला, की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतो, आणि रात्री दहाच्या पुढे सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. वडशाच्या नाटक कंपन्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पालथे घालतात. परशुराम खुणे या नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याला या रंगभूमीचं नाव कळलं. या प्रेक्षकांना रडायलाही आवडतं आणि दचकायलाही, आणि खलनायकाला शिव्या घालायला तर फारच. पद्मपूरजवळच्या एखाद्या मंडईत झाडीबोलीतलं ‘मालतीमाधव’ उभं करायला कंपनीला खर्च असा नाही. दहा अंक कापून चार करावे लागतील, गाणी वाढवावी लागतील. पाचव्या अंकाला नट लागतात चारच: माधव, मालती, अघोरघंट आणि कपालकुंडला. भुतांना नट नको, पोशाख नको, ट्रिकसीन नको; ती सगळी माधवाच्या तोंडी आहेत, फक्त तो नट आवाजाचा पक्का हवा.